बोअर मोजता येतो, मग सांगता का येत नाही?

*ताई, मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकले, मग बेळगावात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. त्यानंतर उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी विभागात वर्षभर अप्रेंटिस होते. कायम करणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हापासून तीन मुलाखती दिल्या. पहिल्या ठिकाणी साहेब कन्नडमधून विचारू लागले आणि मी नुसती मान हलवत राहिले. दुसऱ्या ठिकाणी इंग्रजीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हणाले, तेव्हा पाठ केलेलं चार ओळींत संपलं. तिसऱ्या ठिकाणी 'लग्न कधी करणार, मग नोकरी सोडणार ना' असं विचारलं आणि मला रडूच आलं. आता दोन आठवड्यांनी सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात बोलावलंय. आधी लेखी परीक्षा, मग दोन मुलाखती. कन्नड नीट बोलता येत नाही हे लपवू का? पगार किती सांगू? दादा म्हणतो, इथं आपल्याला कोण विचारतंय, सरळ पुण्याला चल. बाबांना ते पटत नाही. काय करू?*
*खानापूरची एक वाचक*

लेकी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कन्नडबद्दल लिहिलंस, इंग्रजीबद्दल लिहिलंस, त्या लग्नाच्या प्रश्नाबद्दल लिहिलंस. पण क्वालिटी विभागात वर्षभर होतीस, त्या वर्षाला एकच ओळ दिलीस. तिथं काय मोजलंस, कशानं मोजलंस, कुठला माल अडवलास, त्यातलं एक अक्षर पत्रात नाही. मुलाखतीतही तू ते सांगितलं नसशील, अशी मला जवळजवळ खात्री आहे. तीन ठिकाणी तुझी नोकरी हुकली त्याचं मोठं कारण मला तिथं दिसतं. भाषेचा नंबर त्याच्यानंतर.

बेळगावच्या कारखान्यांसाठी उमेदवार निवडण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. क्वालिटीचा प्रमुख मुलाखतीला बसतो तेव्हा त्याला एकच काळजी असते: उद्या हिच्या हातात मोजायचा गेज दिला तर हिच्या सहीवर माल गाडीत चढवता येईल का? हे कळायला तो आडवळणानं काहीबाही विचारत असतो. तू त्याला ते सरळ सांगितलंस तर त्याचंही काम सोपं होतं.

समज, त्यानं विचारलं, ड्रॉइंगवर बोअर (म्हणजे भागात कोरलेलं गोल भोक) ४० एच७ आहे, कशानं मोजशील? डिप्लोमा झालेली कितीतरी मुलं पटकन 'वर्नियर' म्हणतात आणि तिथंच अडकतात. ४० मिमीला एच७ म्हणजे शून्य ते अधिक ०.०२५ मिमी एवढीच सूट. म्हणजे ४०.००० पासून ४०.०२५ पर्यंतच माल चालेल. नेहमीच्या वर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी. सगळी सूटच जेमतेम त्याच्या एका घराएवढी, मग त्यानं पास की रिजेक्ट ठरवणार कसं? इथं डायल बोअर गेज लागतो. तो आधी सेटिंग रिंगवर किंवा मायक्रोमीटरवर शून्याला लावायचा, बोअरमध्ये घालून हळूच पुढंमागं झुलवायचा, आणि जिथं माप सगळ्यात कमी दाखवतो ते वाचायचं. एकदा आडवं, एकदा उभं, म्हणजे बोअर लंबगोल झालाय का तेही कळतं. नग खूप असतील तर प्लग गेज: गो बाजू आत जायला हवी, नो-गो जायला नको. हे तू वर्षभर केलंयस. करताना तुला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसेल, पण मुलाखतीत विकायला तुझ्याकडं हाच माल आहे.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बोरिंगचा इन्सर्ट, म्हणजे बोअर कापणारं पातं, झिजला तर बोअर मोठा येईल की लहान? लहान येईल, कारण कापणारं टोक मागं सरतं. बाहेरचा व्यास टर्न करताना उलट होतं, तिथं माप वाढत जातं. एवढं उत्तर कारणासकट आलं की समोरचा माणूस खुर्चीत पुढं सरकतो, हे मी कितीदा पाहिलंय.

आपल्याकडं फौंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, बऱ्याच, त्यामुळं कास्टिंगच्या दोषांवर गाडी येतेच. ब्लो होल आत अडकलेल्या वायूमुळं होतो. धातू घट्ट होताना आकसतो आणि ती जागा भरायला वरून पुरेसा रस मिळत नाही, तेव्हा श्रिंकेज येतं. दोन बाजूंनी आलेला रस एकजीव होण्याआधीच थंडावला की कोल्ड शट. पण व्याख्या म्हणून थांबू नकोस. कितीदा ब्लो होल मशीनिंग झाल्यावरच उघडा पडतो, आणि मग चूक फौंड्रीची की मशीन शॉपची यावरून जुंपते. ते भांडण तू जवळून पाहिलं असशील. तेव्हा नग बाजूला काढून त्यावर लाल टॅग कुणी लावला, रजिस्टरला नोंद कुणी केली? तू केली असशील तर तसं सांग.

म्हणून आज एक वही घे आणि त्या वर्षातले पाच प्रसंग लिहून काढ. मराठीतच लिही. भाषेचं नंतर बघू. प्रत्येक प्रसंगात चार गोष्टी यायला हव्यात: काय बिघडलं, तुला ते कशावरून कळलं, तू काय केलंस, पुढं काय झालं. आकडे आठवतील तेवढे घाल. नमुना म्हणून असं:

'दुसऱ्या पाळीत बोअर खालच्या मर्यादेकडं सरकताना दिसला. तासाला पाच नग मोजायचे होते, मी सलग दहा मोजले. माप हळूहळू कमीच होत होतं. ऑपरेटरला दाखवलं, त्यानं इन्सर्ट बघितला, कड झिजली होती. सुपरवायझरना बोलावलं. इन्सर्ट बदलून मशीनला मापाची दुरुस्ती (ऑफसेट) दिल्यावर पहिला नग मी पुन्हा पास केला. मधले नग वेगळे ठेवून शंभर टक्के तपासले, त्यातले तीन रिवर्कला गेले.'

हा प्रसंग माझा बनवलेला आहे, तू तो उचलू नकोस. तुझे स्वतःचे लिही, कारण त्यांनी खोलात जाऊन विचारलं की दुसऱ्याचा प्रसंग दोन प्रश्नांत उघडा पडतो. आणि एक सांभाळ. जुन्या कारखान्याच्या गिऱ्हाईकांची नावं, ड्रॉइंगचे फोटो, त्यांच्या भानगडी यातलं काही बोलू नकोस. तिकडचं इकडं सांगणारी उद्या इकडचं तिकडं सांगेल, असाच हिशेब समोरचा करतो.

आता कन्नड. लपवू नकोस. लपतही नाही, दुसऱ्या मिनिटाला कळतं. आणि मान हलवत राहण्यानं तर घात होतो. समोरच्याला वाटतं, हिला प्रश्नच कळला नाही, किंवा कळला पण उत्तर येत नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपला भाग आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून हा भाषेचा सल आपल्या घराघरांत आहे. माझ्याही घरात आहे, आणि तो खोटा आहे असं मी तुला कधीच सांगणार नाही. पण त्या साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं ते बहुधा एका साध्या कारणासाठी. मशीनवरची माणसं गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडची असतात, आणि क्वालिटीच्या मुलीला त्यांना 'थांबा, हा नग चुकलाय' एवढं तरी सांगता यायला हवं. रात्री अकरा वाजता ऑपरेटरशी वाद झाला तर तिथं भाषांतर करायला कोण उभं असणार? त्यांची ही गरज खरी आहे. तिला तू खरं उत्तर दे.

तेव्हा पहिल्याच प्रश्नाला शांतपणे म्हण: 'ननगे कन्नड तिळीतद, माताडूदु स्वल्प कष्ट. आदर कलीतीनि.' कळतं, बोलायला थोडं जड जातं, पण शिकते. एवढं कन्नडमध्ये बोलून मग विचार, बाकीचं हिंदीत किंवा इंग्रजीत सांगितलं तर चालेल का? हो म्हणणारी माणसं तुला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. शाळेत तू कन्नड विषय शिकलीस, अक्षरओळख आहे, म्हणजे अगदी शून्यापासून सुरुवात नाही. डिप्लोमाच्या वर्गात कन्नड मैत्रिणी असतीलच. त्यातल्या एकीला रोज संध्याकाळी अर्धा तास फोन कर आणि फक्त कामाचं बोल: माप घे, मशीन थांबव, हा नग बाजूला ठेव, साहेबांना बोलाव. दोन आठवड्यांत भाषा येणार नाही, पण तोंड उघडेल. तिला सांगून ठेव, चुकलं की हसायचं नाही, सुधारून द्यायचं.

इंग्रजीची भीती त्याहून कमी बाळग. तुझ्या कामाची निम्मी भाषा इंग्रजीच आहे. टॉलरन्स, रिवर्क, फर्स्ट पीस अप्रूव्हल, इन्स्पेक्शन रिपोर्ट हे शब्द तुझ्या तोंडात बसलेले आहेत. त्यांच्यामध्ये छोटी छोटी वाक्यं घालायची आहेत. 'आय चेक्ड टेन पीसेस. साइझ वॉज गोइंग डाउन. आय इन्फॉर्म्ड द सुपरवायझर.' असल्या इंग्रजीला कारखान्यात कुणी नाक मुरडत नाही.

'स्वतःबद्दल सांगा' याला छंद, वडिलांचा व्यवसाय, 'आय ॲम हार्डवर्किंग' असलं काही नको. दीड मिनिटात एवढंच: नाव आणि गाव, डिप्लोमा कधी झाला, वर्षभर कुठल्या विभागात होतीस, कुठली उपकरणं स्वतः हाताळलीस, वहीतला एक प्रसंग, आणि याच कारखान्यात का आलीस. शेवटच्यासाठी ते काय बनवतात ते आधी माहीत हवं. कंपनीची वेबसाइट बघ. त्याहून चांगलं म्हणजे तिथं काम करणारं कुणी गावात, नात्यात, जुन्या शॉपमध्ये ओळखीचं सापडतंय का बघ. मच्छे, वाघवडे, होनगा, हत्तरगी कुठंही कारखाना असो, खानापूर तालुक्यातला एखादा माणूस तिथं पाळीला जात असतोच. त्याला विचार, कास्टिंगचं काम आहे की बारचं, म्हणजे सळईचं, मशीन कसली आहेत, क्वालिटीत माणसं किती. प्रसंग सांगताना मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिल्यांदा ऐकवणार नाही, तरी ऐक. तिसऱ्या खेपेपर्यंत अडखळणं निम्म्यावर येतं.

लग्नाच्या प्रश्नावर तुला रडू आलं, त्याची लाज वाटून घेऊ नकोस. तो प्रश्नच चुकीचा होता. बाई आहे म्हणून भरतीत भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानं मनाई केली होती, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. मला या प्रश्नाचा मनापासून राग येतो, कारण शेजारच्या खुर्चीत बसलेल्या मुलाला तो कुणी विचारत नाही. पण तुला तिथं कायद्याची कलमं सांगायची नाहीत, तुला काम हवंय. म्हणून उत्तर तयार ठेव आणि आरशासमोर इतकं म्हण की आवाज कापू नये: 'सर, लग्नाचं काही ठरलेलं नाही. ठरलं तरी मला काम करायचंच आहे. पाळीच्या वेळा आणि येण्याजाण्याची सोय सांगितलीत तर मला काय जमेल ते आत्ताच स्पष्ट सांगते.' यामुळं बोलणं तुझ्या घरातून निघून त्यांच्या पाळीवर येतं. आणि तो प्रश्न तुला खरोखर विचारायचाच आहे. दुसरी पाळी रात्री सुटते, तेव्हा कंपनीची गाडी कुठपर्यंत सोडते? कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचं तिकीट पडत नाही हे खरं, पण त्या वेळेला तुझ्या गावाकडं बस आहे का? हे बाबांशी आधी बोलून घे. तिथं हो म्हणून आठवड्यानं नाही म्हणणं वाईट.

लेखी परीक्षेवर फार जीव टाकू नकोस. टक्केवारी, गुणोत्तर, वेळ आणि काम यांची रोज थोडी गणितं कर. ड्रॉइंग वाचनात फर्स्ट अँगल प्रोजेक्शन आणि त्याचं चिन्ह बघून जा. १ इंच म्हणजे २५.४ मिमी, १ मायक्रॉन म्हणजे ०.००१ मिमी, असली रूपांतरं पटकन यायला हवीत. आलं नाही ते सोडून पुढं जा.

कागदांकडं मात्र आजच बघ. आपल्या भागात नावांचा घोळ फार होतो. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्सकार्डावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, एकीकडं वडिलांचं नाव पूर्ण तर दुसरीकडं नुसतं आद्याक्षर. निवड झाल्यावर पीएफचं खातं उघडताना हे नडतं. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून फरक असेल तर आत्ताच अर्ज टाक. अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र अजून घेतलं नसशील तर जुन्या शॉपमध्ये जाऊन घेऊन ये. मूळ कागद दाखवायचे असतात, ठेवून घ्यायला द्यायचे नसतात. कुणी 'ओरिजिनल इथंच राहू दे' म्हणालं तर साक्षांकित प्रती दे आणि मूळ घेऊन घरी ये. निवडीसाठी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचे पैसे असं काही कुणी आधी मागितलं, मग तो कन्सल्टन्सीवाला असो की ओळखीचा, एक रुपया देऊ नकोस. गरीब घरच्या पोरींना असं लुबाडलेलं मी पाहिलंय आणि त्यातले पैसे परत आलेले मला आठवत नाहीत.

पगाराचं. 'कितीही चालेल' म्हणू नकोस, आणि हवेतला आकडाही फेकू नकोस. त्या भागात डिप्लोमावाल्या नव्या मुलीला काय मिळतं, ते दोनतीन जणींकडून काढ आणि त्या आसपास सांग. त्यांनी आकडा सांगितला तर तो सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा सगळा खर्च धरून, आहे का, आणि हातात किती पडणार, हे विचारायला लाजू नकोस. एक हिशेब करून बघ. पगार १५,००० आणि तो सगळाच बेसिक धरला, तर तुझा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० कापला जाईल. ईएसआय, म्हणजे आजारपणाचा विमा, ०.७५ टक्के, म्हणजे साधारण ११३. हातात पडतील १३,०८७ रुपये. कंपनी तिच्या बाजूनं पीएफचे १,८०० आणि ईएसआयचे ३.२५ टक्के, म्हणजे ४८८ भरते. ते मिळवून सांगितलं की तीच नोकरी जवळजवळ १७,३०० ची ऐकू येते. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण घरखर्च १३,०८७ मध्ये बसवायचा असतो. पीएफ कापतात म्हणून नाराज होऊ नकोस. जिथं कापत नाहीत, तिथं बऱ्याचदा नोकरी नीट लावलेली नसते. बाँडवर, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही अशा करारावर, सही करायला सांगितली तर कागद घरी नेऊन वाचायला माग.

राहिलं पुणं. दादाचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. चाकणला काम जास्त आहे, शिकायला मिळतं, आणि दोन वर्षं तिथं काढून बेळगावात चांगल्या जागेवर परतलेल्या मुली मला माहीत आहेत. पण कन्नड अडलं म्हणून जाणार असशील तर तिथल्या मुलाखतीतही बोअर कशानं मोजशील हाच प्रश्न येणार, आणि तो मराठीत येईलच असं नाही. वहीतले पाच प्रसंग तयार असतील तर इथं जा किंवा तिथं जा. तयार नसतील तर जागा बदलून तुझी अडचण सुटत नाही. बाबांशी बोलताना 'पुणं की बेळगाव' असं नको बोलू. एका कागदावर इथला हातातला पगार आणि प्रवास मांड, दुसऱ्यावर पुण्याचा पगार, खोलीभाडं, मेस, सणावाराला येण्याजाण्याचा खर्च. ते बघून त्यांना बोलू दे. कधीतरी महाराष्ट्र सरकारच्या भरतीचा विचार मनात आला तर एक लक्षात ठेव: महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांत १५ वर्षं वास्तव्य असलेल्या मराठी भाषिकांना तिथं अर्ज करता येतो. तुझं गाव त्या यादीत आहे का बघ आणि वास्तव्याचा दाखला काढून ठेव. तो रस्ता लांबचा आहे. त्याच्या आशेवर ही मुलाखत सोडू नकोस.

आदल्या दिवशी कारखान्यापर्यंत एकदा जाऊन ये, म्हणजे कुठल्या स्टॉपला उतरायचं ते कळेल. साधा, इस्त्रीचा ड्रेस आणि बंद बूट घाल. शॉप फ्लोअर दाखवायला नेलं तर चपलेवर आत सोडत नाहीत. निकाल कळवतो म्हणाले आणि आठवडा गेला तर एक छोटा मेल कर किंवा फोन कर, त्यात लाचारी काही नाही.

मुलाखत झाली की त्याच संध्याकाळी त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवून ठेव, आलेला आणि न आलेलाही. मग ते मला पाठव. न आलेल्यांची उत्तरं आपण मिळून तयार करू, आणि तुझ्यामागून याच कारखान्यांच्या दारात उभ्या राहणाऱ्या मुलींसाठी मी ती या सदरात देईन.

तुझी,
ताई